पायरीपुढचे गट्टू

१

सकाळचा चहा झाला की किशनराव पाट आणि जुना पेचकस घेऊन अंगणात बसत. जमिनीवर बसवलेल्या सिमेंटच्या गट्टूंच्या सांध्यांत उगवलेली हराळी काडी काडी करून उपटायची, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. मुळासकट निघाली तर ते खूश व्हायचे, मधेच तुटली तर स्वतःवरच चिडायचे. पाटबंधारे खात्यात कालव्यावर उभी हयात गेली होती. गवताची एक काडी कालव्याचं अख्खं सिमेंटचं अस्तर कशी फोडते हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की हराळी दिसली की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

गंगाखेडच्या त्या नव्या वसाहतीत गट्टूंची अंगणं घरोघर होती, पण बसवले आणि विसरले असाच सगळ्यांचा कारभार. खालची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वर जे काही घालाल त्याला सुखानं राहू देत नाही. शेजाऱ्यांची अंगणं वर्षभरात खालीवर झाली होती. किशनरावांच्या अंगणात मात्र तांब्याभर पाणी ओतलं तर ते मुकाट्यानं नालीची वाट धरायचं. पावसाची उघडीप मिळाली की ते वाळू चाळून घेत, कोरड्या दिवशी खराट्यानं सांध्यांत भरत, शेवाळ सोड्यानं घासून काढत. शेणाच्या सड्याला तर त्यांनी बंदीच घातली होती. सडा घालायचा तर नुसत्या पाण्याचा.

"तुमी गट्टूसंगच लगीन करायला पायजे व्हतं," विमल दारातून म्हणायची.

ते हसून मान डोलवायचे. बायको चेष्टा करते आहे याच्याइतकं सुख त्यांना दुसऱ्या कशात वाटत नव्हतं. मागच्या वर्षी डेंग्यूनं ती गेल्यातच जमा होती. परभणीच्या दवाखान्यातून परत आली ती मात्र अशी ठणठणीत, की लेक भक्ती पुण्याहून फोनवर म्हणायची, आईला कुणी नवीन करून आणलंय. पहाटे उठून सडा, पायरीपुढं रांगोळी, मग भाकरी. ही परत आली नसती तर आपलं काय झालं असतं, हा विचार मनात आला की किशनराव तोही हराळीसारखा उपटून टाकत.

त्या दिवशी हराळी काढता काढता त्यांचा हात पायरीपुढं अडखळला. तिथले दोन गट्टू वर आले होते. फार नाही, बोटाच्या नखाएवढेच. पण नेमके तिथले, जिथं उभी राहून विमल रोज वाकून रांगोळी घालायची. रोज माणसाचं वजन पडतं तिथला गट्टू खचतो. वर येतो कसा, हे काही त्यांना उमजेना.

२

गट्टू काढायचा म्हणजे पहिला तेवढा अवघड. भोवतीची वाळू खरवडायची, दोन बाजूंनी दोन पेचकस घालायचे आणि हलणारा दात काढावा तसा डुलवत वर घ्यायचा. पहिला निघाला की बाकीचे मुकाट येतात. किशनरावांनी ते दोन आणि त्यांच्या आजूबाजूचे काढले आणि खाली बघितलं.

गट्टूंखाली दगडाच्या बारीक कचीचा थर असतो. भुजंग मिस्त्रीनं तो पट्टीनं ओढून भाकरीच्या तव्यासारखा सपाट केला होता, आणि किशनराव तेव्हा उन्हात उभे राहून लेव्हलची नळी धरून होते. आता त्या थरावर दोन उंचवटे होते. वीतभराहून जरा मोठे, एका टोकाला गोल, मधे निमुळते, दुसऱ्या टोकाला पसरट.

घूस असेल, त्यांना वाटलं. पेचकस खुपसून बघितला. बीळ नव्हतं, मूळ नव्हतं, कच खालपर्यंत घट्ट होती. मग पाणी असेल. त्यांनी नळाचा कॉक बंद करून बघितलं. कुठं गळती नव्हती. सड्याचं पाणी झिरपून काळी माती फुगली असणार, असा शेवटी त्यांनी निकाल दिला. निकाल बरा होता. फक्त माती फुगली तर अंगणभर फुगते, दोनच ठिकाणी अशी जोडीनं फुगत नाही, एवढं एक त्यांच्या कालव्यावरच्या डोक्याला खटकत राहिलं.

उंचवटे त्यांनी थापीनं खरवडून काढले. खरवडताना हाताला कच कोमट लागली. मार्गशीर्षातली सकाळ, बोटं गारठून चाललेली, आणि गट्टूंखालची कच कोमट. उन्हानं तापली असेल म्हणून त्यांनी वर बघितलं, तर ऊन अजून पायरीपर्यंत आलंही नव्हतं.

३

दोन-चार दिवसांत गट्टू पुन्हा वर आले.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. विमल बाजारात गेल्यावर ते बसले, आणि गट्टू असे उचलले की खालची कच विस्कटू नये. मग हातातला गट्टू हातातच राहिला. ते उंचवटे म्हणजे पावलं होती. टाच, चवडा, पाचही बोटं. चिखलात पाऊल पडलं की खड्डा होतो. इथं खड्डा नव्हता, पाऊल वर आलेलं होतं. कुणीतरी खालच्या अंगानं उभं राहावं आणि त्याच्या तळव्यांचा दाब वर यावा, तसं. दुसऱ्या बोटाभोवती दोन्हीकडं बारीक कडं उठलं होतं. जोडव्यांचं.

किशनरावांना धक्का बसला म्हणणं कमीच आहे. ते पाटावरून मागं कलंडले आणि तसेच बसून राहिले. मग त्यांना राग आला. कुणीतरी थट्टा करतंय. पण सांध्यांतली वाळू त्यांनी स्वतः भरली होती, ती जशीच्या तशी होती. ती न उकरता गट्टू निघत नाही, हे त्यांच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला माहीत होतं?

त्यांनी सगळं सपाट केलं आणि विमल आल्यावर सहज बोलावं तसं सांगितलं, की उद्यापासून रांगोळी तुळशीपुढं घाल, पायरीपुढचे गट्टू हलायला लागलेत. तिनं कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती तुळशीपुढं उभी राहू लागली.

आणि आठवडा सरायच्या आत तुळशीपुढचे गट्टू वर आले. पायरीपुढचे मात्र बसले ते बसलेच. किशनरावांनी तुळशीपुढचे काढून बघितले. पावलं तशीच, जोडवी तशीच, आणि बोटांची दिशाही विमलच्या उभं राहण्याची. ती वरून जिथं पाय टेकवते तिथंच खालून कुणीतरी तिच्या तळव्याला तळवा लावून उभं राहत होतं. ती चालली की चालत होतं.

माझ्या विमलच्या पायाखाली काय आहे? त्या दिवशी त्यांना भाकरी गोड लागली नाही. एकदा मरणाच्या दारातून तिला सोडवून आणली, आता हे काय मागं लागलंय? तिला काही सांगायचं नाही आणि तिला काही होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी पक्कं केलं.

४

शेजारची तानुबाई वर्षभरात एकदाही अंगणात आली नव्हती. फाटकाबाहेर उभी राहून विमलला हाक मारायची, तिथूनच मेथी-कोथिंबीर द्यायची, तिथूनच निरोप सांगायची. गुडघे दुखत असतील, अशी किशनरावांची समजूत होती. त्या दिवशी तिला बघून ते फाटकाशी गेले आणि आत या की म्हणाले.

"हितंच बरी हाय मी," ती म्हणाली. मग घराच्या दाराकडं बघून तिनं आवाज खाली आणला. "किशनराव, त्या दिशी पसरलेलं पीठ गंगेला सोडलं का तुमी?"

त्या दिवसाचा विषय किशनरावांनी वर्षभर कुणाला काढू दिला नव्हता.

झालं होतं असं, की विमलला दवाखान्यात ठेवलं होतं आणि किशनराव अंथरूण-पांघरूण न्यायला घरी आले होते. पुतण्या बजरंग तिच्याजवळ होता. तो चहा प्यायला खाली गेला, परत येतो तर काकूच्या खाटेवर तोंडापर्यंत चादर ओढलेलं माणूस. मधल्या वेळात विमलला दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं, हे त्याला कुणी सांगायच्या आधीच त्यानं रडत घरी फोन लावला. चादर वर करून बघायचं काही त्याला धाडस झालं नाही. गल्लीतल्या बायका धावून आल्या. रीतीप्रमाणं त्यांनी पायरीपुढं मातीच्या अंगणात पीठ पसरलं, पणती लावली आणि वर टोपलं झाकलं. गेलेल्या माणसाची खूण त्या पिठात उमटते, ती बघून मग पीठ गावालगतच्या गंगेला सोडायचं. तेवढ्यात बजरंगचा दुसरा फोन आला, की काकू शुद्धीवर आहे आणि चहा मागतेय. रडणाऱ्या बायका हसायला लागल्या. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं जो तो म्हणू लागला.

किशनरावांच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. जित्या बायकोसाठी पीठ! त्यांनी टोपलं उचलून भिंतीपलीकडं फेकलं, पणती लाथेनं उडवली आणि पिठाकडं बघितलंसुद्धा नाही. विमल घरी येईल तेव्हा तिला त्याचा कणही दिसता कामा नये म्हणून दुसऱ्याच दिवशी भुजंग मिस्त्रीला बोलावलं, त्या पिठावरच मुरूम ओतायला लावला आणि ती यायच्या आत अंगण गट्टूंनी झाकून टाकलं.

"न्हाई सोडलं," ते म्हणाले. "कशाला सोडायचं? ती तर जिती हाय."

"तुमी पीठ बघितलं न्हाई. मी टोपलं जरा उचलून बघितलं व्हतं." तानुबाईनं पदर तोंडाशी धरला. "पावलं व्हती. बाईची. घराकडं तोंड करून."

असल्या भाकडकथा माझ्या दारात सांगू नका, असं ते तिला तोडून बोलले. ती गेली. त्यांनी फाटकाची कडी लावली आणि पायरीपासून तुळशीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं.

५

मिस्त्रीला बोलवायचा प्रश्नच नव्हता. आपला हात जगन्नाथ म्हणत किशनरावांनी धोतराचा काचा मारला आणि पायरीपासून तुळशीपर्यंतची पट्टी उघडून काढली. गट्टू भिंतीला रचले, कच उपसली, मुरूम उपसला, खालची काळी माती गुडघाभर खणली. पिठाचा मागमूस नव्हता. किडामुंगीसुद्धा नव्हती. पुन्हा मुरूम भरून त्यांनी धुम्मस आपटून आपटून तो दाबला, वर सिमेंटचा जाड थर ओतला, पट्टीनं ओढला, थापीनं गुळगुळीत केला आणि ओली पोती अंथरली. आता खालून कुणाच्या बापाला काही करता येणार नव्हतं.

दिवसभर विमल दारात उभी राहून बघत होती. काय करायलाव, कशासाठी करायलाव, यातलं काही ती बोलली नाही. मधे फक्त पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर त्यांनी पोतं उचललं. पोत्याच्या कडेला विमलची रांगोळी होती. आज रांगोळी नको म्हणून रात्रीच सांगितलं असतानाही तिनं ती घातली होती, म्हणजे पोत्यावर ती उभी राहिली होती. तिच्या वजनानं ओलं सिमेंट दबायला हवं होतं.

दोन पावलं वर आलेली होती, आणि आता ती दगडासारखी कडक झाली होती. कचीत दिसलं नव्हतं ते सिमेंटमध्ये सगळं दिसत होतं. टाचांना भेगा होत्या, खोल, कडेपासून आत गेलेल्या. उजव्या टाचेत आडवी चंद्रकोरीसारखी खूण होती.

किशनरावांनी त्या खुणेवर बोट ठेवलं. ती खूण त्यांना डोळे मिटूनही सापडली असती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी बोरीला माहेरच्या शेतात विमलच्या टाचेत पऱ्हाटीचा खुंट घुसला होता, त्याची ती. आणि त्या भेगा तर त्यांच्या ओळखीच्याच. दर हिवाळ्यात तिच्या टाचा रक्त येईपर्यंत फुटायच्या, आणि किशनराव मेण करडीच्या तेलात वितळवून आपल्या हातानं भेगांत भरायचे. बायकोचे पाय धरतो म्हणून कचेरीतले हसतील, या भीतीनं हे त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नव्हतं.

या हिवाळ्यात तिनं मेण मागितलं नव्हतं. मग मागच्या हिवाळ्यात मागितलं होतं का, हे ते आठवू लागले, आणि काही केल्या आठवेना.

६

विमल मागच्या दारी उन्हात पाय पसरून तांदूळ निवडत बसली होती. किशनराव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. वर्षभर या पायांकडं त्यांनी बघितलंच नव्हतं. बाई ठणठणीत झाली म्हटल्यावर कोण कशाला बघतं?

तळवे गुळगुळीत होते. नुकत्या जन्मलेल्या लेकराचे असावेत तसे, गुलाबी, एक रेघ नसलेले. उजवी टाच डावीसारखी आणि डावी उजवीसारखी. रोज अनवाणी अंगणात हिंडणाऱ्या बाईचे ते पाय होते.

"विमल, तुझ्या टाचंला खुंट लागला व्हता. त्याची खूण कुटं गेली?"

तिनं तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. "गेली असंल की."

"अगं, अशी कशी जाईल?"

तिनं पाय हळूच आखडून घेतले आणि वर लुगडं ओढलं, परक्या पुरुषापुढं ओढावं तसं. मग पुन्हा ताटात बघून बोटं फिरवू लागली. किशनरावांना ती बोटं, ती मान, कानामागची बट, सगळं ओळखीचं दिसत होतं. तिच्या अंगावर ओळखीचं नाही असं पायांवाचून काहीच नव्हतं.

७

त्यांनी पहार उचलली आणि सिमेंटवर घातली.

नवं सिमेंट लवकर फुटलं. ढलप्या बाजूला लोटून त्यांनी मुरूम उपसायला घेतला. पण आता पहार वापरायला धीर होईना, म्हणून गुडघ्यांवर बसून हातांनीच उकरू लागले. कालच दाबलेला मुरूम मऊ लागत होता, आणि कोमट. काल याच जागी गुडघाभर खणून काही नव्हतं, असं ते स्वतःलाच बजावत होते. काही नव्हतं. मी स्वतः बघितलं, काही नव्हतं.

बोटांना कातडं लागलं.

वरची माती आपोआप दोन्हीकडं ओघळली आणि टाच उघडी पडली, मग तळवा. पाय खालून वर आलेला, तळवा आभाळाकडं. टाच भेगाळलेली, भेगांत मुरूम भरलेला. अंगठ्यानं त्यांनी एक भेग पुसली, न समजता, सवयीनं पुसली. तशी ती बोटं आखडली. झोपलेल्या माणसाचे पाय पांघरुणाबाहेर येऊन गारठले की आखडतात, तशी.

"झाका की ते," मागून विमल म्हणाली. "ऊन लागायलंय तिला."

किशनरावांनी वळून बघितलं. ती पायरीवर उभी होती, हातात तांदळाचं ताट. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. लेकराच्या अंगावरचं पांघरूण सरकलं की आई सांगते, तितक्या साधेपणी ती बोलली होती.

"विमल," ते म्हणाले. कुणाला हाक मारली ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ओ," ती पायरीवरून म्हणाली. आणि त्यांच्या हाताखाली तो तळवा वर सरकला, त्यांच्या पंज्याला भिडला आणि टेकून राहिला.

किशनरावांनी हात काढला नाही. उकरलं तर खालची निघेल? निघाली तर कशी निघेल? आणि ती निघाल्यावर पायरीवर कुणी उभं असेल का? तोंड उघडून एवढंच विचारायचं होतं. वर्षभर आपल्याला भाकरी वाढणारी, आपली चेष्टा करणारी बाई मागं उभी होती, आणि ती नाहीशी झालेलं घर त्यांनी एकदा दुपारभर बघितलं होतं. ते पुन्हा बघायची त्यांच्यात ताकद नव्हती. ते मोठ्यानं रडायला लागले, पण मागं वळले नाहीत.

विमल पायरीवर बसली आणि वाट बघू लागली.

मग त्यांनी तळव्याखालून आपला हात काढून घेतला. ओंजळीनं माती परत लोटली, वर कच पसरली, हातानंच सपाट केली. भिंतीला रचलेल्यातला एक गट्टू आणून त्यांनी टाचेच्या वर ठेवला, दुसरा बोटांच्या वर, आणि रबरी हातोडा घेतला. गट्टू बसवायचा तर चार सणसणीत ठोके द्यावे लागतात. त्यांनी हातोडा अगदी हळू मारला, तिला लागू नये म्हणून.